मावशींच्या दारातली रांग

मॅनेजर पहिल्यांदा दारात आला तेव्हा त्याच्या बॅगेची चेन तुटलेली होती आणि बॅगेला दोरी गुंडाळलेली होती. मावशींनी आधी दोरीची गाठ पाहिली, मग चेन पाहिली आणि सगळ्यात शेवटी मुलाकडे पाहिलं.

"खोली वर आहे," त्या म्हणाल्या, "पण बॅग इथेच राहू दे. असली चेन घेऊन माझा जिना चढायचा नाही."

मुलगा परदेशातून आला होता, दोन विमानं बदलून. तो घाईघाईने कॉलेजचं पत्र काढायला लागला. मावशींनी त्याला हातानेच थांबवलं, स्टुलावर बसवलं, चहा दिला, आणि चेनीला नवा रनर बसेपर्यंत त्याच्या घरी कोण कोण आहे, आई काय करते, थोरल्या भावाचं आणि वडिलांचं का पटत नाही, हे सगळं काढून घेतलं. भाडेकरू ठेवताना लोक कागदपत्रं तपासतात. मावशींची तपासणी त्याहून कडक असे, फक्त ज्याची व्हायची त्याला ती झाल्याचा पत्ता लागत नसे.

मावशी कपडे दुरुस्त करायच्या. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. एक पायाचं मशीन, एक विजेचं मशीन (ते बंद असायचं तेव्हा छान दिसायचं), इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा, आणि बाकी सगळीकडे गाठोडी. नवीन कपडे शिवणं त्यांनी कधीच सोडलं होतं. "नवीन काय, कुणीही शिवेल," त्या म्हणायच्या. "दुसऱ्याने बिघडवलेलं निस्तरायला माणूस लागतं." पँटची उंची कमी करायची, फाटलेलं अस्तर बदलायचं, आणि मुख्य म्हणजे कंबर सैल करायची. मध्यमवयीन माणसांची कंबर हा त्यांच्या धंद्याचा भक्कम पाया होता आणि तो दरवर्षी आणखी भक्कम होत होता.

मुलाचं 'मॅनेजर' हे नाव समोरच्या सलूनवाल्याने ठेवलं. कॉलेजात सादरीकरणाच्या दिवशी सूट घालायची सक्ती होती. मुलाने थोरल्या भावाचा सूट आणला होता आणि भाऊ अंगाने दणकट होता. त्या सुटात तो भाड्याने घेतलेल्या घरात राहिल्यासारखा दिसायचा. मावशींनी बाह्या आखूड केल्या, खांदे आत घेतले. टाय लावून तो बाहेर पडला तसा सलूनवाला कात्री हवेत धरून ओरडला, "काय मॅनेजर, कंपनी कुठे उघडली?" अभ्यासक्रम पुरा झाल्यावर मिळाली तर मिळाली असती अशी पदवी गल्लीने त्याला पहिल्याच महिन्यात देऊन टाकली.

कॉलेज मात्र इतकं उदार नव्हतं.

व्यवसाय कसा करावा हे शिकायला तो इतक्या लांब आला होता. त्याच्या घरी सगळे काका व्यवसायच करायचे, पण तो कसा करतात हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता येत नव्हतं. इथे उलट होतं. इथे वर्गातला प्रत्येक जण सांगू शकत होता, आणि सांगतच होता. वर्गात बोलण्याला मार्क होते. प्राध्यापक प्रश्न टाकायचे की चहूबाजूंनी हात वर जायचे. मॅनेजर आधी मनात वाक्य जुळवायचा, त्यातला चुकीचा शब्द काढून बरा शब्द घालायचा, शेवट नीट करायचा, आणि ते वाक्य बाहेर पडायला तयार होईपर्यंत चर्चा दुसऱ्याच कंपनीच्या दिवाळखोरीवर पोचलेली असायची. शिवाय विचारल्याशिवाय बोलू नये, हे त्याच्या आईने लहानपणी त्याच्या मनावर इतकं पक्कं बिंबवलं होतं की त्याला आपल्या गप्प बसण्यात काही चुकतंय असंच वाटत नव्हतं. गटात काम करायचं असलं की गटातली मुलं त्याला तक्ते रंगवायला द्यायची. तो फार सुंदर तक्ते रंगवायचा.

"आणि बोलतं कोण?" मावशींनी एकदा विचारलं.

"ते बोलतात."

"तक्ता तुझा आणि तोंड त्यांचं?"

"त्यांचं बोलणं चांगलं आहे, मावशी."

"सेल्समनचंही असतं. म्हणून काय मुलगी देतं का कुणी?"

कामकाज व्यवस्थापन नावाच्या विषयात तो नापास झाला. लेखीत बरे मार्क होते. तोंडीच्या रकान्यात शून्य होतं. विषय शिकवणाऱ्या मॅडमनी त्याला बोलावून शांतपणे सांगितलं की आणखी एक संधी आहे आणि ती शेवटची. यावेळी एकट्याने काम करायचं. एखादा छोटा व्यवसाय निवडायचा, त्यातली एक अडचण शोधायची, ती मोजायची, उपाय करायचा आणि फरक दाखवायचा. मॅडम स्वतः जागेवर येऊन बघणार. यात नापास झाला तर कॉलेजातून नाव कमी होणार, आणि नाव कमी झालं की या देशात राहायचा परवानाही संपणार. म्हणजे परत घरी. तिथे धाकट्या काकांच्या गोदामात एक खुर्ची त्याची वाट बघत होती. ती खुर्ची त्याला फोनवर अधूनमधून दाखवण्यात यायची.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. मावशी ताट झाकून वर घेऊन गेल्या.

"माझं दुकान घे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"छोटा व्यवसाय पाहिजे ना? याच्याहून छोटा शोधायला तुला भिंग लागेल. आणि अडचणी म्हणशील तर हव्या तेवढ्या आहेत, निवडून घे."

दुसऱ्या दिवसापासून मॅनेजर इस्त्रीच्या टेबलामागे मोबाइलमधलं घड्याळ लावून उभा राहायला लागला. गिऱ्हाईक आत आलं की घड्याळ चालू, बाहेर पडलं की बंद. लोकांना आधी वाटलं मावशींनी आता तासावर पैसे घ्यायला सुरुवात केली. एक गृहस्थ तर पँट न देताच मागे फिरले. मग मावशींनी सगळ्यांना सांगून टाकलं, "परीक्षा आहे त्याची. तुम्ही नेहमीसारखे वागा." हे ऐकल्यावर नेहमीसारखं कुणीच वागेना. माणसं पोट आत घेऊन उभी राहायला लागली.

थोड्या दिवसांत अडचण सापडली, आणि ती इतकी उघड होती की मॅनेजरला सांगायलाही संकोच वाटला.

"मावशी, तुमच्याकडे लोकांना फार थांबावं लागतं."

"हो, थांबतात."

"का थांबतात?"

"चांगली माणसं आहेत म्हणून."

खरं कारण गाठोडी हे होतं. कुणाचा कपडा कुठल्या गाठोड्यात आहे हे मावशींना पाठ होतं, पण काढायच्या वेळी ते नेमकं तळाशी निघायचं. मग उपसाउपशी. त्यात एखादं आधी हरवलेलं सापडायचं, त्याचा आनंद व्हायचा, त्यावरून गोष्ट निघायची. शिवाय समोर माणूस बसलेलं असलं की मावशी काम तिथल्या तिथे करून द्यायच्या, मागे रांग असली तरी.

मॅनेजरने भिंतीला खुंट्या ठोकल्या. मावशींच्याच चिंध्यांतून आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी एकेक रंग काढला. कपडा आला की त्याला टाचणीने रंगीत चिंधी लावायची, तसलीच चिंधी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, त्या वारी ये म्हणून सांगायचं आणि कपडा त्या रंगाच्या खुंटीला टांगायचा. थांबायचं काम नाही. हिरवा सोमवार, निळा मंगळवार. मावशींना हे सगळं शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं वाटलं, पण पोराची परीक्षा होती. त्यांनी चिंध्या इस्त्री करून दिल्या.

आणि उपाय लागू पडला. हीच तर सगळी पंचाईत झाली.

लोक यायचे, कपडा द्यायचे, चिंधी घ्यायचे, जायचे. ठरल्या वारी यायचे, खुंटीवरून कपडा घ्यायचे, जायचे. स्टूल रिकामं. सकाळी मशीनचा आवाज तेवढा. मावशींना कुणाच्या सुनेचं काय झालं ते कळेना, सलूनवाल्याच्या गुडघ्याचं कळेना. मॅनेजर मात्र रोज संध्याकाळी मोबाइलमध्ये बघून गालातल्या गालात हसायचा. पोरगं वरवर हसतंय, आतून खचलंय, असं मावशींनी धरलं. दुकान ओस पडलंय आणि बिचारा तोंड वर करून बोलत नाही. नाहीतरी बोलायचं कधी माहीत होतं त्याला!

त्यांनी एकदा आडून विचारलं, "रे, हे असं रिकामं बरं दिसेल का तुझ्या बाईंना?"

"फार बरं दिसेल," मॅनेजर म्हणाला. त्याच्या उच्चारात कुठलंही वाक्य थोडं खिन्नच वाटायचं. मावशींना ते स्वतःचीच थट्टा केल्यासारखं वाटलं.

मॅडम येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी नणंदबाई आल्या. मावशींच्या या नणंदबाई मागच्याच गल्लीत राहायच्या, आणि लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी भावाच्या घरावरचा हक्क त्यांनी सोडला नव्हता. त्यांनी दारातूनच दुकानावर नजर फिरवली.

"वहिनी, काय हे? काळं कुत्रं नाही दुकानात!"

"उद्या याच्या बाई येणार आहेत, वन्सं."

"परीक्षेला? आणि बघणार काय, खुंट्या?"

मावशी खाली बसल्या. "नापास झाला तर त्याला परत पाठवणार आहेत. त्या काकाच्या गोदामात."

मॅनेजरवर नणंदबाईंचा जीव होता. त्या बोलत असताना मध्ये तोंड न घालणारा त्यांच्या ओळखीतला तो एकमेव पुरुष होता.

"दुकान चांगलं चाललंय हे बाहेरून येणाऱ्याला कशावरून कळतं?" त्यांनी विचारलं.

"गर्दीवरून."

"मग? गर्दी पाहिजे ना? गर्दी काय, मी आणते."

त्या दुपारी गल्लीत जे झालं त्याला गृहोद्योग म्हणता आलं असतं. दुरुस्तीला कपडे हवेत, आणि फाटलेले कपडे तर चिंध्या लावून आधीच दुरुस्त होऊन गेले होते. नणंदबाईंनी नवऱ्याच्या कोटाची सगळी बटणं कापून खिशात टाकली. नवरा घरीच होता, पण त्याला विचारायची पद्धत त्या घरात नव्हती. सलूनवाल्याने आपल्या पँटची शिवण वस्तऱ्याने उसवली आणि कौतुकाने सगळ्यांना दाखवली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराने आपला पांढरा कोटच दिला आणि वर म्हणाला, "फाडायचं तेवढं तुम्हीच फाडा, मला बघवत नाही." मावशी एकीकडे नको नको म्हणत होत्या आणि एकीकडे कुणाचं कुठे उसवलं तर कापड खराब होणार नाही ते सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर सूट घालून मॅडमना आणायला बसथांब्यावर गेला. हातात गुंडाळी केलेला तक्ता होता. मावशींनी त्याची कॉलर सारखी केली.

"घाबरू नकोस. देवाने मनात आणलं तर सगळं भरून येईल."

मॅनेजर गल्लीच्या तोंडाशी मॅडमसह वळला आणि जागच्या जागी थांबला. रांग दुकानातून निघून, सलून ओलांडून, औषधाच्या दुकानाच्या पायरीपर्यंत आली होती. प्रत्येकाच्या काखेत कपडा. मावशी दारातून बघत होत्या. त्यांना त्याचा चेहरा पांढरा पडलेला दिसला. आनंद सोसवत नाही काहींना, त्यांच्या मनात आलं, आणि त्यांचे डोळे भरले.

मॅडम करड्या कोटातल्या, किरकोळ अंगाच्या बाई होत्या. त्या कुठे हसल्या नाहीत, कुठे आठी घातली नाही. त्यांनी सरळ नणंदबाईंना गाठलं.

"किती वेळ झाला थांबून?"

नणंदबाई याच प्रश्नासाठी सकाळपासून तयार होत्या. "किती म्हणजे! उजाडल्यापासून उभी आहे. पण आपली तक्रार नाही हं बाई. असं दुकान असल्यावर पाय दुखले तरी चालतील."

"आणि तुम्ही?"

"मी मध्ये जेवून आलो," सलूनवाला म्हणाला. "माझा नंबर अजून लांब आहे. कालही असाच उभा होतो."

"मी तर परवापासून येतोय," मागून औषधवाला ओरडला. त्याला मागे पडायचं नव्हतं.

मॅडम सगळं लिहून घेत होत्या. मावशींच्या छातीवरचं ओझं उतरत चाललं होतं. मॅडम आत आल्या, म्हणाल्या, "तक्ता दाखवा." मॅनेजरने तो भिंतीवर धरला. तो परत गुंडाळायला लागला, म्हणून मावशींनी पुढे होऊन दुसरं टोक धरलं. तक्त्यावर लाल रेघ होती, वरून निघून उतरत उतरत पार तळाला गेलेली.

"हे काय रे खाली चाललंय?" मावशींनी कुजबुजत विचारलं.

"लोकांचा थांबण्याचा वेळ," तो तसाच हळू म्हणाला. "तो कमी करणं हाच माझा प्रकल्प होता, मावशी."

मावशींनी रेघेकडे पाहिलं. मग दाराबाहेरच्या रांगेकडे पाहिलं. त्यांच्या हातातलं तक्त्याचं टोक सुटलं आणि तक्ता आपोआप गुंडाळून मॅनेजरच्या नाकावर आपटला.

"तुमच्या तक्त्याप्रमाणे इथे कुणी थांबत नाही," मॅडम म्हणाल्या. "बाहेर मात्र एक गृहस्थ परवापासून थांबलेत."

मॅनेजरने तोंड उघडलं. मावशींना माहीत होतं, आता तो वाक्य जुळवत बसणार, आणि मॅडम निघून जाणार. त्या स्वतःच काहीतरी बोलायला पुढे झाल्या. पण मॅनेजरची नजर दारातल्या नणंदबाईंच्या काखेतल्या कोटावर गेली होती. तो तिकडे गेला, कोट घेतला, बटणांच्या जागा बघितल्या आणि न जुळवलेलं, न इस्त्री केलेलं असं बोलायला लागला.

"मॅडम, हे खोटं आहे. ही बटणं तुटलेली नाहीत, कापलेली आहेत. बटण तुटलं तर धागे लोंबतात, कापड ओढलं जातं. आणि ही शिवण, ही वस्तऱ्याची आहे. काका, तुमच्याकडे सोडून वस्तरा कुणाकडे आहे इथे? यांच्यापैकी कुणाचंही काही फाटलेलं नव्हतं. मी दोन महिने या लोकांचे कपडे बघतोय. परवा दुकान रिकामं होतं, रिकामं! मी इतका खूश होतो! आणि यांनी, यांनी माझ्यासाठी..." इथे त्याचं व्याकरण पार कोलमडलं, पण तो थांबला नाही. "हे चांगले लोक आहेत. यांनी माझी परीक्षा बुडवली."

सलूनवाला आपल्या पँटची शिवण मुठीत झाकायला लागला.

"मी बोलावलं सगळ्यांना," मावशी म्हणाल्या. "त्याला काही माहीत नाही. मला वाटलं गर्दी नसली तर तुम्ही नापास कराल. काय शिक्षा करायची ती मला करा. दुकान बंद करा हवं तर."

"मला दुकानं बंद करता येत नाहीत," मॅडम म्हणाल्या. मग मॅनेजरकडे वळून, "ठीक आहे. रांग खोटी असेल, पण माणसं खरी आहेत आणि कपडे आता खरोखर फाटलेले आहेत. तुमची पद्धत चालते ना? चालवून दाखवा."

मॅनेजरने अंगातला भावाचा कोट काढून इस्त्रीच्या टेबलावर टाकला. "मावशी, टाचण्या." मावशी टाचण्यांची डबी घेऊन धावल्या. तो कपडा घ्यायचा, काय उसवलंय ते बघायचा, किती काम आहे ते मावशींच्या तोंडाकडे बघून ठरवायचा, चिंधी लावायचा, चिंधी द्यायचा. "हिरवी. सोमवारी या. पुढे. निळी. काका, इतकी शिवण कशाला उसवायची? पिवळी, बुधवारी. पुढे." रांग बघता बघता दुकानात शिरली आणि विरघळली. सगळे कपडे खुंट्यांवर गेले. मॅडमनी घड्याळात पाहिलं आणि वेळ लिहून घेतला.

पण दुकान काही रिकामं होईना. चिंध्या हातात घेऊन माणसं तिथेच. कुणी स्टुलावर, कुणी उंबऱ्यात, कुणी पडद्याच्या आत.

"आता जा की," मॅनेजर काकुळतीला येऊन म्हणाला. "थांबायचं नाहीये. हाच तर उपाय आहे."

"मी नाही जात," नणंदबाई म्हणाल्या. "घरी काय आहे? बटणं नसलेला नवरा आहे."

मॅडम पहिल्यांदा हसल्या, अगदी थोडं. "थांबायचं काम नसताना ही माणसं का थांबली आहेत?" त्यांनी विचारलं.

मॅनेजरने सगळ्यांकडे पाहिलं. "ही बसायला येतात," तो म्हणाला. "मी मोजताना थांबणं आणि बसणं एकाच घड्याळात धरलं. ते चुकलं माझं."

मॅडम गेल्या. निकाल लागेपर्यंत मावशी देव पाण्यात घालून बसल्या होत्या, आणि त्या अवधीत गल्लीतलं कुणी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हतं. मग एका दुपारी मॅनेजर जिना न चढता सरळ दुकानात आला. मोबाइल पुढे धरला. निष्कर्षाला मार्क फारच कमी होते, कारण मोजण्यातली चूक त्याने स्वतःच कबूल केली होती. पण तोंडीच्या रकान्यात, जिथे मागच्या वेळी शून्य होतं, तिथे जवळजवळ पुरे मार्क होते. दोन्ही मिळून तो काठावर पास झाला होता.

"म्हणजे राहणार?" मावशींनी विचारलं.

"राहणार."

मावशींनी मशीनवर डोकं वाकवलं आणि बॉबिनमध्ये धागा नसतानाच बराच वेळ पायडल मारत राहिल्या.

गल्लीने जे जे उसवलं होतं ते फुकटात शिवून द्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं. बटणं मॅनेजरच्या वाट्याला आली. पिवळ्या खुंटीच्या वारी नणंदबाई नवऱ्याच्या कोटासाठी आल्या. मॅनेजर स्टुलावर बसून शेवटचं बटण लावत होता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

मावशींनी कोट उचलून बघितला, बटण दोन बोटांनी ओढून पाहिलं आणि परत त्याच्या मांडीवर टाकला. "काढ. मानेला फास लावल्यासारखं आवळलंयस. बटणाला श्वास घेता आला पाहिजे."

मॅनेजरने धागा कापला. मग नणंदबाईंकडे पाहून म्हणाला, "आत्या, उद्या आलात तरी चालेल. थांबू नका."

"थांबतंय कोण?" नणंदबाई म्हणाल्या आणि त्याला ढकलून स्टुलाच्या अर्ध्या भागावर बसल्या. "सरक जरा. हं वहिनी, तर मी काय सांगत होते..."